दादा, तुमचे आभार मानायचे राहिलेच होते

दादा नमस्कार,

तुम्ही माझ्या विममध्ये (मजकूर लिहायचा एडिटर) पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) चालू करून दिलंत, पण त्या दिवशी फोनवर गडबडीत थँक्यू म्हणलो आणि ठेवून दिला, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहायलोय.

माझं काम तुम्हाला माहितीये, परभणी जिल्ह्यातले महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे नीट करायचे, २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेलेली मंडळं अतिवृष्टी म्हणून बाजूला काढायची, आणि हे मला विमच्या आतूनच पायथननं करायचं होतं. विमच्या व्हर्जनच्या यादीत पायथन३ पुढं प्लस (म्हणजे सोय आहे), मागं डायन, अगदी स्पष्ट दिसायलं आणि हॅज पायथन३, म्हणजे पायथन चालतंय का, विचारलं की उत्तर शून्य, म्हणजे नाही! ज्याला विचारावं तो म्हणायचा, सगळं काढ अन् परत टाक. इथं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालतंय, सांगणाऱ्याचं काय जातंय.

तुम्ही एकटेच म्हणलात की काढू नको, आधी विम कोणती फाईल शोधायलंय ते बघू. आणि मग त्या डायनचा अर्थ सांगितला, की विम पायथन सोबत घेऊन फिरत नाही, गरज पडली की तेव्हा पायथनची डीएलएल (विंडोजमधली तयार कोडची फाईल) शोधायला निघतं, अन् कोणत्या नावाची शोधायची ते विम तयार करतानाच ठरलेलं असतं. माझ्या विमला पायथन३११ची डीएलएल पाहिजे होती. ती मशीनवर होती की! पण एका मित्राच्या पेनड्राइव्हवरून फोल्डर उचलून ठेवलेलं, इन्स्टॉल केलेलं नाही, म्हणजे पाथमध्ये (विंडोज जिथं फाईली शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) नाही, रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) नाही, सापडणार कुठून.

त्यात बिटचं पण तुम्ही आधीच बघून घेतलं, ३२ बिटच्या विमला ६४ बिटची डीएलएल चालतच नाही म्हणून. पायथन उघडल्यावर येणाऱ्या पहिल्या ओळीत शेवटी विन३२ बघून मी दचकलो होतो, तर तुम्ही हसून म्हणलात ते ६४ बिटवाल्यात पण तसंच येतं, त्याच्या अलीकडं काय लिहिलंय ते वाच.

मग विमआरसीत (विमच्या सेटिंगच्या फाईलीत) सगळ्यात वर दोनच ओळी, पायथनथ्रीडीएलएलला त्या फाईलचा पूर्ण पाथ आणि पायथनथ्रीहोमला ते फोल्डर. विम बंद करून उघडलं, परत हॅज विचारलं आणि एक आलं, म्हणजे हो! नवीन काही डाउनलोड नाही, एक एमबी पण नाही.

आता पीवायथ्रीडू (प्रत्येक ओळीवर पायथन चालवायची विमची आज्ञा) लावून ओळी नीट करतो, काम लई पटपट होतं. तालुक्यातल्या दोन पोरांना पण असंच लावून दिलं, मात्र त्यातल्या एकाला लुआ (दुसरी एक प्रोग्रामिंग भाषा) पाहिजे, त्याला लुआडीएलएल या तशाच सेटिंगचं सांगितलंय, अडलं तर तुम्हालाच फोन करील, तेवढा उचला दादा.