उसन्या वस्तू आणि परत आलेल्या वस्तू

संपादक महोदय,

वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा आम्ही घरची सगळी मंडळी ती पाहून आलो. रांगेत उभा असताना मला राहून राहून कोटोनूची रांग आठवत होती. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझा वेंगुर्ल्यात काजूचा कारखाना आहे. इथलं बी वर्षभर पुरत नाही, म्हणून पश्चिम आफ्रिकेतून आणावं लागतं. 2022 च्या हंगामात मी त्यासाठी बेनिनमध्ये, कोटोनूला होतो. दिवसभर वखारीत बी कापून गर किती पडतो ते बघायचं, एवढंच काम. एका रविवारी वखारीचा राखणदार म्हणाला, "आज आमच्या राजांना भेटायला चला."

राजे म्हणजे आबोमे या तिथल्या जुन्या राजधानीच्या राजवाड्यातल्या 26 वस्तू. 1892 मध्ये जनरल दॉड्सच्या फ्रेंच फौजेने आबोमे जिंकलं आणि त्या पॅरिसला गेल्या. डिसेंबर 2020 मध्ये फ्रान्सने खास कायदा करून त्यांच्यावरचा हक्क सोडला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्या कोटोनूत पोहोचल्या. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातच त्यांचं प्रदर्शन मांडलं होतं. तिकीट नव्हतं. शाळकरी मुलं, बाजारातल्या बायका, म्हातारी माणसं, सगळ्यांची रीघ लागलेली.

आत सिंहासनं होती, राजवाड्याचे कोरीव दरवाजे होते आणि तीन राजांचे तीन लाकडी पुतळे. प्रत्येक राजा आपल्या चिन्हाच्या रूपात: गेझो पक्षी, ग्लेले सिंह, बेहांझिन शार्क. बेहांझिनचे पाय माणसाचे, वरचं धड माशाचं, त्यावर खवला न् खवला कोरलेला. फ्रेंचांशी लढून हरलेला हा राजा, परमुलखात कैदेत वारला. राखणदार त्याच्यापुढे बराच वेळ काही न बोलता उभा राहिला. त्याची आई आबोमेची.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या दालनांबद्दल. तिथे आजच्या 34 कलावंतांची कामं होती. आबोमेची देवळं रंगवणारे सिप्रियन तोकुदाग्बा 2012 मध्ये वारले. त्यांच्या चित्रांत राजांची तीच जुनी चिन्हं ठसठशीत रंगांत उतरलेली असतात. रोमुआल्द अझूमे पेट्रोलच्या कॅनचे मुखवटे करतात: कॅनची मूठ म्हणजे नाक, तोंड म्हणजे तोंड. कोटोनूच्या रस्त्याकडेला नायजेरियातून चोरून आणलेलं पेट्रोल बाटल्यांतून विकतात, ते मी रोज बघत होतो. त्याच कॅनमधून माणसाचा चेहरा आपल्याकडे बघतो तेव्हा अंगावर काटा येतो. शेजारी पोरं हसत होती, बोट दाखवत होती. जुन्या दालनात दबकून चालणारी हीच पोरं इथे मोकळी झाली आणि त्यातली काही परत मागे जाऊन पुतळे नव्याने बघू लागली. मीही गेलो.

सगळंच परत आलेलं नाही. लोखंडाचा आणि युद्धाचा देव गू, त्याची बेनिनमधून नेलेली लोखंडी मूर्ती पॅरिसलाच राहिली. आणि ब्रिटनने तर तेवढंही केलेलं नाही. वाघनखं लंडनच्या ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने आपल्याला तीन वर्षांसाठी दिली, त्यानेच 2024 मध्येच घानातल्या कुमासीला असांते राजांचं सोनं धाडलं, तेही उसनंच. ब्रिटनमधला कायदा अशा वस्तू कायमच्या द्यायला आडवा येतो, असं सांगितलं जातं. फ्रान्सने असाच अडसर कायदा करूनच दूर केला. आपल्या सरकारने हा दाखला देऊन मागणी लावून धरावी.

दुसरी विनंती आपल्या संग्रहालयांना. अशी वस्तू येते तेव्हा काचेची पेटी आणि बंदोबस्त एवढ्यावर थांबू नये. आमच्या जवळच पिंगुळीला चित्रकथीचे कलावंत आहेत, सावंतवाडीला गंजिफा रंगवणारे हात आहेत. त्यांना आधी सहा महिने बोलावून, मानधन देऊन, त्या वस्तूवर काम करायला सांगावं आणि ते काम शेजारच्याच दालनात लावावं.

आपला,
एक काजू कारखानदार, वेंगुर्ले