दादा, छोट्या काय बोलला ते मी सांगणार नाही

प्रिय दादा आणि वहिनी,

तीन दिवस झाले तुझे मिस्ड कॉल येऊन राहिले आणि मी उचलत नाहीये, कारण फोनवर तू आवाज चढवणार मग मी पण चढवणार आणि मधेच आई फोन हिसकून जेवलीस का विचारणार. म्हणून सरळ लिहायला बसली. इथे इंग्लंडात, लीड्सच्या ज्या शाळेत मी पोरांची काउन्सेलर आहे तिथे, चारलाच अंधार पडतो सध्या, बाकी काही सुचत पण नाही.

तर छोट्याने मला फोन केला, तासभर बोलला, खरं आहे. काय बोलला ते नाही सांगणार. तू मेसेजमध्ये लिहिलंस "मी बाप आहे त्याचा, तू काऊन लपवून राहिली?" तुझा राग समजतो. कायद्याने पाहिलं तर तुझीच बाजू आहे म्हण, आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अठराच्या खालचा अल्पवयीन, त्याच्या वतीने पालकच. इथे जरा वेगळं आहे. एका आईने कोर्टात केस लावली होती की सोळाच्या आतल्या मुलीला डॉक्टरने आईवडिलांना न विचारता गर्भनिरोधकाचा सल्ला द्यायचाच नाही, ती १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वात वरच्या कोर्टात, हरली, तिचं आडनाव गिलिक, आणि आता आम्ही रोज "हा मुलगा गिलिक कॉम्पिटंट आहे का" असं बोलतो. म्हणजे समज आली असेल तर सोळाच्या आतलं पोर पण स्वतः मदत मागू शकतं. ज्या बाईने केस हरली तिचंच नाव या कसोटीला चिकटलं, बिचारी.

पण पहिल्या भेटीतच मी प्रत्येक पोराला सांगते, तू बोलशील ते या खोलीतच राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर मला शाळेतल्या सेफगार्डिंगवाल्या, म्हणजे पोरांची सुरक्षा पाहणाऱ्या, बाईंना सांगावं लागेल, आणि शक्यतो तुला सांगूनच सांगीन. छोट्याला पण फोनच्या सुरुवातीलाच हेच सांगितलं. म्हणून एवढं ऐक, तसलं काही असतं तर मी रात्री दोनला तुला उठवलं असतं. उठवलं नाही ना?

बाबा मागे म्हणाले होते नुसतं ऐकायचे पैसे मिळतात का तुला. हसली मी, पण खरं तर तेच सगळ्यात कठीण जातं. खोली म्हणजे स्टोअररूमच्या बाजूची एक खुराडी, दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, आणि लहान पोरांसाठी वाळूचा ट्रे, त्यात छोटे प्राणी, कुंपण, घरं मांडायची. पन्नास मिनिटं. सुरुवातीला दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेते, मागच्या आठवड्यात कसं वाटलं असा. मग कधी कधी पोरगं अर्धा तास काहीच बोलत नाही आणि मला पण गप्प बसायचं असतं. आपल्या घरात कोणी दोन मिनिटं गप्प बसलं की आपण पाणी देतो, ताप पाहतो, दृष्ट काढतो. मला ती सवय मोडायला दोन वर्षं लागली. आणि हो, माझ्यावर पण लक्ष असतं, महिन्यातून कमीत कमी दीड तास सुपरव्हिजन, तिथे मी माझी अडलेली कामं एका सीनियर बाईपुढे मांडते. इथे सगळं सोन्याचं आहे असं पण नको समजू, सरकारी कॅम्समध्ये, म्हणजे पोरांच्या मानसिक आरोग्याच्या सेवेत, नंबर लागायला पोरं महिनोन्महिने थांबतात.

एकेकट्या पोराची गोष्ट सांगणार नाही तुला, पण एका वर्गावर तास घेतला ते सांगते. भीती, राग यांना नाव देऊन अंगाबाहेर काढायचं असं शिकवायचं होतं, पुस्तकातले शब्द पोरांच्या डोक्यावरून गेले. मग मी मारबतीचं सांगितलं, की आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठाल्या बाईच्या पुतळ्या, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि सगळे ओरडतात इडा पिडा घेऊन जा गे मारबत, आणि शेवटी जाळून टाकतात. पोरांनी कागदाच्या मारबती केल्या, एकाने "रविवारची संध्याकाळ" नावाची केली. जाळायला फायर अलार्मची भीती म्हणून ऑफिसच्या श्रेडरमधून काढल्या. गोऱ्या पोरांच्या तोंडून "घेउन जागे मारबट" ऐकून मला रडूच आलं यार.

आता कामाचं. मी आत्या आहे, छोट्याची काउन्सेलर नाही होऊ शकत, घरचंच माणूस बसलं समोर तर तो मला सांभाळूनच बोलणार. त्याला तिथलं कोणी पाहिजे. मेडिकलला, सरकारी दवाखान्यात, सायकियाट्रीची ओपीडी आहे, आणि टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत पण बोलतात. वहिनी, लोक काय म्हणतील मनात आणू नका. आपल्याकडे चौकाचंच नाव पागलखाना चौक पाडून ठेवलंय, तिथे आपण कोणाकोणाला घाबरायचं!

आणि दादा, त्याला "काय बोललास आत्याशी" विचारू नको. कोचिंगहून आला की गाडीवर बसवून फुटाळा तलावावर घेऊन जा, भुट्टा खा, मार्कांचं काढू नको. बोलला तर बोलला.

हे पत्र त्यालाही वाचायला दे, कपाटात ठेवू नको. आणि आईला सांग जेवली म्हणून, तर्री पोह्याचा मसाला संपलाय, कोणी येत असेल तर पाठव.

तुझी,
ताई नाही, अजूनही छोटीच