विषय: गुलाबाच्या मायसेलर वॉटरने (मेकअप काढायच्या पाण्याने) डोळे चुरचुरतात, त्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवर जे ऐकून घ्यावं लागलं, त्यानंतर फोन करणं बंद. आता लेखीच.

बाटलीच्या पुढच्या बाजूला ठळक छापलंय: ‘सुगंधविरहित, डोळ्यांसाठी सौम्य, वॉटरप्रूफ मेकअपही निघतो, धुण्याची गरज नाही.’ मागे बारीक अक्षरांत घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ आहे, खाली सिट्रोनेलॉल आणि जेरॅनिऑल ही सुगंधी द्रव्यं. शेवटची दोन गुलाबातही असतात, मान्य. पण ‘परफ्यूम’ वेगळं लिहिलंय म्हणजे ते वरून घातलंय. मग सुगंधविरहित कशाच्या जोरावर?

हेल्पलाइनवरच्या तुमच्या मुलीने विचारलं, “मॅडम, तुम्ही जोरात घासता का?” पार्लरमध्ये रोज लोकांचे डोळे हाताळणाऱ्या बाईला हा प्रश्न! तरी शांतपणे सांगितलं: कापसाचा पॅड दोन्ही बाजूंनी ओला, पण निथळणार नाही इतकाच. मिटलेल्या पापणीवर पंधरा-वीस सेकंद नुसता ठेवायचा. मग पापणीच्या केसांच्या मुळापासून टोकाकडे, खालच्या दिशेने एकदाच ओढायचा. पॅड दुमडून स्वच्छ बाजू घ्यायची. काजळाच्या रेघेला भिजवलेला कॉटन बड. घासणं कुठेच नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, “गुलाबपाणी नैसर्गिक असतं, त्याने जळजळ होऊच शकत नाही.” आणि लगेच पुढे, “चेहरा साध्या पाण्याने धुऊन टाका ना!” बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ छापायचं आणि फोनवर धुवा सांगायचं! खरं तर धुवायलाच हवं. मायसेल म्हणजे सर्फॅक्टंटचेच, म्हणजे साबणासारख्या मळ सोडवणाऱ्या घटकाचेच पुंजके, ते त्वचेवर राहिले की नाजूक पापणीला त्रास होतो. हे तुम्हाला ठाऊक नसेल असं नाही. मग बाटलीवर का नाही छापत?

वॉटरप्रूफचा दावाही तसाच. त्या मस्कऱ्यात मेण आणि पाण्याला दाद न देणारे पॉलिमर असतात, ते सुटायला तेल लागतं. म्हणूनच हलवून वापरायचे दोन थरांचे रिमूव्हर मिळतात. तुमच्या पाण्यात तेलाचा थर नाही. मस्करा निघत नाही, नुसता राखाडी होऊन पसरतो, आणि ग्राहक मग घासणारच. बडोद्यात नवरात्रात गरब्याला घाम गळतो, तेव्हा जवळजवळ सगळ्याच जणी वॉटरप्रूफ लावतात. दुसऱ्या दिवशी पापणीच्या कडेला लाल रेघ घेऊन येतात आणि बोल आम्हाला लागतो.

पुन्हा लिहिते, कारण फोनवर दरवेळी हाच मुद्दा टाळला गेला: सुगंधविरहित म्हणून विकलेल्या बाटलीत परफ्यूम आहे.

तुमच्या जुन्या क्लिन्झिंग मिल्कवर आमच्याकडच्या बायकांचा फार विश्वास होता, म्हणून हे अधिकच लागतं.

न उघडलेल्या बाटल्या परत घेऊन पैसे द्या, लेबलवरचे चारही दावे दुरुस्त करा आणि बॅच नंबरसह लेखी उत्तर पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल आणि दोन्ही लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत.

एक पार्लरचालक,
दांडिया बाजार, बडोदे