तात्यांशी तूच बोलायला हवंस

सातारा,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. 'गावाकडं काय चाललंय, तात्यांच्या निवडणुकीचं काय करायचं, तुला काय वाटतं ते स्पष्ट सांग,' असं तू विचारलंस. फोनवर हे नीट बोलता येणार नाही. तुझ्या आजूबाजूला ऑफिसातली माणसं असतात आणि माझ्या छापखान्यात मशीन चालू असलं की मला माझाच आवाज ऐकू येत नाही. म्हणून सवडीनं लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. तात्यांनी या वेळी जिल्हा परिषदेला उभं राहू नये. आणि हे त्यांच्या तोंडावर सांगू शकेल असा माणूस मला तरी एकच दिसतो, तो म्हणजे तू, त्यांचा मुलगा.

वय झालं म्हणून मी हे म्हणत नाही, हे तुला माहीत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलले तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि त्या सभेनंतर लोकसभेच्या पोटनिवडणुकीत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. वयाची माणसं कामाची नसतात, असं आपल्या जिल्ह्यात तरी कुणी म्हणणार नाही. पण ज्यांच्यासाठी ती सभा होती त्या श्रीनिवास पाटलांनी २०२४ ला तब्येतीचं कारण सांगून लोकसभेला उभं राहायला नकार दिला. सहज निवडून आलेला विद्यमान खासदार, माणसांत रमणारा, आणि तरी म्हणाला, आता होणार नाही. मला त्या वेळी त्यांच्याविषयी वाटणारा आदर वाढला होता. आपली ताकद किती उरली आहे हे ओळखणं आणि ते चारचौघांत बोलून दाखवणं, याला फार मोठं मन लागतं.

आता तात्यांचं. २०१७ च्या निवडणुकीत त्यांच्या पत्रकाचं प्रूफ दाखवायला मी वाड्यावर गेलो होतो. त्यांनी खुर्चीत बसून, चष्माही न लावता, दोन गावांच्या पाणीयोजनेच्या रकमा चुकल्यात हे दाखवून दिलं. कागद न बघता. या महिन्यात मी नव्या पत्रकाचा कच्चा मजकूर घेऊन गेलो. त्यांनी तो हातात धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मला विचारलं, 'वडील कसे आहेत?' माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला तात्या होते, तुला आठवत असेल. मी 'बरे आहेत' म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? बाजूला बसलेल्या कार्यकर्त्यांपैकी एकानं मजकूर त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, 'ओके आहे, छापा. फोटो मात्र मागच्याच वेळचा घ्या.'

तो फोटो माझ्याकडं आहे. फेटा बांधलेले, ताठ मानेचे, थेट बघणारे तात्या. लोक त्या फोटोतल्या तात्यांना मत देतील, आणि निवडून दुसरंच कुणीतरी येईल.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. विसरणं हा काही गुन्हा नाही, वयाबरोबर ते सगळ्यांच्याच वाट्याला यायचं. पण त्यांच्या नावावर आज कोण निर्णय घेतंय? त्यांची लेटरहेडं मीच छापतो, म्हणून मला कळतं. पूर्वी एक गठ्ठा वर्षभर पुरायचा, आता तीन महिन्यांत संपतो. मध्यंतरी एकाच रस्त्यासाठी दोन वेगवेगळ्या ठेकेदारांच्या शिफारशीची दोन पत्रं फिरत होती, दोन्हींवर तात्यांची सही. एका सरपंचानं घरी जाऊन विचारलं तर तात्यांना त्या दोन्ही पत्रांची काही कल्पना नव्हती. सही त्यांचीच होती, खोटी नव्हती. समोर कागद ठेवला, 'तात्या, इथं' म्हटलं, आणि त्यांनी केली. ज्या माणसानं आयुष्यात ठेकेदाराचा चहा घेतला नाही, त्याच्या सहीचं हे होतंय. म्हणूनच मी इतका कळवळून लिहितोय.

आणि काकींचं, तुझ्या आईचं, तू बघितलं आहेस का अलीकडं? लग्नात, वास्तुशांतीला त्या तात्यांच्या उजव्या बाजूला अर्धं पाऊल मागं राहून चालतात. समोरून कुणी येताना दिसलं की हळूच सांगतात, 'हे अमुक गावचे, यांची विहीर आपण मंजूर केली होती.' मग तात्या हात पुढं करतात आणि विहिरीचं विचारतात. त्या माणसाला आयुष्यभराचा आनंद होतो. काकींचं वय काय, गुडघे काय, आणि त्या हे दिवसभर करतात. प्रचाराचे पंधरा-वीस दिवस त्यांनी हे कसं करायचं? कार्यकर्ते त्यांना म्हणतात, 'काकी, तुम्ही आहात म्हणून तात्या आहेत.' त्या बाईवर किती ओझं टाकतोय आपण!

मोठ्या देशांतसुद्धा हे असंच घडलंय. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघात झाला. त्यांची मुदत मार्च १९२१ पर्यंत होती. तोवर कुठला कागद त्यांच्यापुढं जायचा आणि कुठला नाही हे बरंचसं त्यांच्या पत्नी एडिथ ठरवत होत्या, आणि आजार किती गंभीर आहे ते लोकांना सांगितलं गेलं नाही. तशाही अवस्थेत विल्सन यांना पुन्हा उमेदवारी मिळेल अशी आशा होती. आणि जो बायडेन यांचं तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. जन्म १९४२ चा, म्हणजे आपल्या तात्यांच्याच पिढीचे. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा लढणार असं जाहीर केलं तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. जून २०२४ मध्ये ट्रम्प यांच्यासोबतच्या वादविवादात ते वाक्यं अर्धवट सोडताना सगळ्या जगानं पाहिलं. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. मतदान ५ नोव्हेंबरला. कमला हॅरिस यांना साडेतीन महिनेच मिळाले. बायडेन यांनी आयुष्यभर केलेलं काम बाजूला राहिलं आणि लोकांच्या लक्षात ती एक संध्याकाळ राहिली. तात्यांचं असं व्हावं, एखाद्या कोपरा सभेत कुणी मोबाईलवर त्यांचा अडखळलेला व्हिडिओ काढावा आणि तो रात्रीत सगळ्या ग्रुपवर फिरावा, हे मला सहन होणार नाही. तुला तर नाहीच होणार.

कायदा काही मदत करत नाही. एकवीस वर्षं पूर्ण हवीत, दोन अपत्यांची अट आहे, थकबाकी नको, घरी शौचालय हवं. वरच्या वयाची अट कुठंच नाही. ज्या जिल्हा परिषद शाळांवर तात्या देखरेख ठेवणार तिथले गुरुजी अठ्ठावन्नला निवृत्त होतात. पण अशी अट असावी असं मी म्हणणार नाही. तशी अट असती तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख त्या तालुक्याला इतकी वर्षं मिळाले नसते. अकरा वेळा आमदार, २०१४ ला ऐंशीच्या पुढं असताना निवडून आले आणि नव्वदी ओलांडल्यावर २०१९ ला स्वतःच थांबले. कुठं थांबायचं हे माणसानंच ठरवायचं असतं. ज्याला ते ठरवण्याचं भान उरत नाही, त्याच्यासाठी घरच्यांनी ठरवायचं.

कार्यकर्त्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. तात्या नसतील तर आपला गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, हातचा जाऊ शकतो. सांगोल्यात गणपतराव थांबले त्याच निवडणुकीत त्यांचा नातू अगदी थोडक्यात पडला. साताऱ्यात श्रीनिवास पाटील थांबले आणि त्यांच्या पक्षाची जागा गेली. तेव्हा 'तात्या थांबले तरी आपलीच माणसं निवडून येतील' असा भरवसा मी तुला देत नाही. कदाचित हरू. पण सांगोल्यात २०२४ ला त्याच घरातला दुसरा नातू, त्याच शेतकरी कामगार पक्षाकडून, निवडून आला. मधली पाच वर्षं फुकट गेली असं मला वाटत नाही. आणि समजा गट गेलाच, तर गेला. तो तात्यांच्या नावावर सातबाऱ्याला लागलेला नाही.

शिवाय या वेळी काम किती साचलंय बघ. २०१७ ला निवडून आलेल्या बॉडीची मुदत २०२२ ला संपली, त्यानंतर सरकारनं नेमलेले प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकज्जात निवडणुका लांबत गेल्या. लोकांनी कुणाकडं जायचं? वरच्या वाड्यांवर जलजीवन या नळपाणी योजनेचे पाइप पुरलेत, नळ आहेत, पाणी नाही. आरोग्य केंद्रात डॉक्टर आज आहे तर उद्या नाही. पटसंख्या घटलेल्या डोंगरातल्या शाळा टिकतील का, याची आईबापांना धास्ती आहे. आता जो निवडून जाईल त्यानं सर्वसाधारण सभेत उभं राहून फायलींचे नंबर सांगत भांडायचं आहे, जिल्हा नियोजन समितीकडून निधी ओढून आणायचा आहे. तात्यांनी हे एके काळी इतकं उत्तम केलं की अधिकारी त्यांना बघून फाइल उघडायचे. आज ते जमणार नाही. वरच्या गावच्या माजी सरपंच ताईंना मात्र जमेल. तात्यांनीच त्यांना तयार केलंय, ग्रामसभा कशी घ्यायची ते शिकवलंय. त्या इच्छुक आहेत, पण तात्या असताना नाव पुढं करणार नाहीत. तेवढी मर्यादा त्यांनी पाळलीय. तात्यांनी स्वतः त्यांचं नाव घेतलं तर चित्रच बदलेल.

तात्यांना हे कळत नसेल असं समजू नकोस. मागच्या आठवड्यात सोसायटीच्या बैठकीत एका पोरानं खतावरून प्रश्न विचारला आणि तात्या १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाबद्दल बोलायला लागले. पहाटे घरं कशी पडली, पोरं कशी बाहेर काढली, ट्रकमधून घोंगड्या कशा नेल्या. सगळं खरं, सगळं स्पष्ट, एकेका वाडीचं नाव घेऊन. सभा शांत बसून ऐकत होती. मग ते मध्येच थांबले, त्या पोराकडं पाहिलं आणि म्हणाले, 'तू काही तरी दुसरं विचारलं होतंस का रे?' त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं. त्यांना कळतंय. त्यांना कुणीतरी 'आता पुरे झालं, तात्या' म्हणायला हवंय, आणि सगळे 'तुमच्याशिवाय कोण?' म्हणतायत.

म्हणून तू ये. फोनवर नको, आणि कार्यकर्ते असताना तर नकोच, ते तुला बोलू देणार नाहीत. पहाटे ये. ते अजूनही पाचला उठतात आणि गोठ्याकडं जातात. त्या वेळी त्यांचं मन ताजं असतं, दुपारनंतर थकतात. आधी काकींशी बोल. माझी खात्री आहे, त्या तुझ्या बाजूनं उभ्या राहतील. 'तुम्हाला आता जमत नाही' असं म्हणू नकोस. ताईंना उभं करा, तुमच्या हातानं करा, असं सांग. तात्यांचा पुतण्या चिडेल, गाडीत बसणारे तिघं-चौघं तुला पुण्याचा पाहुणा म्हणतील. म्हणू देत.

पत्रकाचं काम मी थांबवून ठेवलंय. मशीन बिघडलंय असं सांगणार नाही, खरंच सांगेन की तात्यांचा मुलगा येईपर्यंत छापणार नाही. पण तारखा लागल्या आणि पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म आला की कुणाच्याच हातात काही राहणार नाही. येत्या शनिवारी निघ. गाडी कितीची आहे ते कळव, मी स्टँडवर येतो. रात्री आमच्याकडं जेव, आणि पहाटे आपण दोघं मिळून वाड्यावर जाऊ. आत मात्र तू एकटाच जा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
मित्र