काका, लाल ओळींबद्दल आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही व्हॉट्सॲपवर अंगठ्यापलीकडे उत्तर देत नाही, आणि समोर येऊन आभार मानायला गेलं की "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव टाकत नाही, तेवढं पथ्य पाळते. पण नेरूळच्या विरंगुळा केंद्रात शनिवारी कॅरमचा डाव अर्धा टाकून लॅपटॉप उघडून बसणारे काका एकच आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

उघड लिहिण्याला आणखी एक कारण आहे. वाशी, सानपाडा, बेलापूरच्या ऑफिसांत माझ्यासारखी बरीच माणसं बसलीत. स्वतःचं काम चोख करतात म्हणून एके दिवशी त्यांना टीम लीडर केलं जातं, आणि टीम चालवायची कशी हे मात्र कोणी सांगत नाही. फार तर एखाद्या हॉटेलात दिवसभराचं ट्रेनिंग, सिंहाचा फोटो असलेली स्लाइड आणि दुपारी बुफे. आमच्या टीमची गुगल शीट आणि कामाची पद्धत लावून देताना तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे.

आमचा धंदा कस्टम्स क्लिअरन्सचा. न्हावा शेवाला माल येतो, तो सोडवायचा. बाहेरच्याला हे बंदरातलं काम वाटतं, पण त्यात निम्म्याहून जास्त वेळ तारखांमागे धावण्यात जातो. जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद, गेली नाही, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये लेट चार्ज. मग ड्यूटी, डीओ (माल सोडायची शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर), एक्झामिनेशन. शिपिंग लाइनने दिलेले फ्री डेज, म्हणजे कंटेनर फुकट ठेवायचे दिवस, संपले की डिटेन्शन, म्हणजे त्याचं रोजचं भाडं, वेगळं. आणि एवढ्या सगळ्या तारखा आमच्याकडे असायच्या कुठे? व्हॉट्सॲप ग्रुपवर. "त्या कंटेनरचं काय झालं रे?" "मॅडम, ग्रुपवर टाकलंय ना." ग्रुपवर गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल, त्याखाली कंटेनरच्या सीलचा फोटो, त्याखाली कोणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस, आणि त्याच्याही खाली कुठेतरी डीओची व्हॅलिडिटी.

तुम्ही उभं आयुष्य काढलंत ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात, प्लॅनिंगला. बिल ऑफ एंट्री कशाशी खातात ते तुम्हाला माहीत नव्हतं, आणि त्याचाच आम्हाला फायदा झाला. धंद्यातल्या माणसाला जे विचारायची लाज वाटेल ते तुम्ही बेधडक विचारलंत. "हा कंटेनर आत्ता, या घटकेला, कोणाच्या टेबलावर अडलाय?" मी म्हटलं, डॉक्युमेंटेशनच्या. तुम्ही म्हणालात, "डॉक्युमेंटेशन हा कोण? त्याला मोबाईल आहे का?"

त्या एका प्रश्नातून आमच्या शीटमधला सर्वांत महत्त्वाचा कॉलम निघाला: पुढचं पाऊल कोणाकडे. त्यात एकच नाव लिहायचं. डिपार्टमेंटचं चालणार नाही, दोघांची नावं चालणार नाहीत. मी एकदा "दोघं मिळून बघतील" म्हटल्यावर तुम्ही चष्म्यावरून जे पाहिलंत, ते अजून आठवतं.

गुगल शीट्स आम्ही आधीही वापरायचो, म्हणजे उघडून ठेवायचो. पोर्टचं नाव चार जण पाच तऱ्हांनी लिहायचे, मग फिल्टर लावला की निम्मे कंटेनर गायब. तुम्ही ड्रॉप-डाउन लावून दिलेत. एकाने फिल्टर लावला की सगळ्यांच्या स्क्रीनवर ओळी नाहीशा व्हायच्या आणि "माझा डेटा कोणी उडवला?" अशी बोंब उठायची, तुम्ही फिल्टर व्ह्यू दाखवलात, म्हणजे ज्याचा फिल्टर त्यालाच दिसतो. तारखांचं गौडबंगाल तर मला वाटतं शेकडो ऑफिसांत आजही चालू असेल. फाइलचं लोकेल, म्हणजे देशाचं सेटिंग, अमेरिकेचं राहिलेलं असतं. मग ३ एप्रिल लिहायला ०३/०४ टाकलं की शीट ते ४ मार्च समजते, आणि १३/०४ टाकलं की तिला ती तारीखच वाटत नाही, नुसता मजकूर म्हणून खान्याच्या डाव्या कडेला चिकटून बसते. फाइल, सेटिंग्ज, लोकेल, भारत. एवढंच. ज्या शीटच्या जिवावर फ्री डेज मोजायचे तिला एप्रिल आणि मार्च यांतला फरक कळायला हवा, हे म्हणताना तुम्ही हसला नव्हता.

पण खरी कमाल कंटेनर नंबरची. चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा हा आधीच्या दहांवरून काढलेला असतो. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, प्रत्येक जागेला १, २, ४, ८ असं दुपटीनं चढत जाणारं वजन, मग बेरीज, तिला ११ नं भागायचं, उरेल ती बाकी तोच शेवटचा आकडा; बाकी १० उरली तर शून्य. आयएसओ ६३४६ या मानकात हे सगळं आहे. आमच्यातल्या दोघा जुन्यांना ऐकून माहीत होतं, पण वापरत कोणीच नव्हतं. तुम्ही पुढच्या शनिवारी फॉर्म्युला तयार करून आणलात. आता कोणी ३ च्या जागी ८ टाइप केला की तो खाना तिथल्या तिथे पिवळा होतो.

मला सुरुवातीला वाटलं, वा, चुका कमी होतील. झाल्याही. पण त्याहून मोठी गोष्ट हळूहळू लक्षात आली. पूर्वी चुकीचा नंबर पार्टीकडून, म्हणजे माल मागवणाऱ्याकडून, किंवा शिपिंग लाइनकडून उलटून यायचा, मग भर ऑफिसात त्या टाइप करणाऱ्या पोराचा उद्धार व्हायचा. आता चूक आधी त्याला एकट्याला दिसते, तो ती गुपचूप दुरुस्त करतो, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. साहेबाच्या वाट्याचं अर्धं ओरडणं तुम्ही एका फॉर्म्युल्यात संपवलंत.

तोच धागा पुढच्या गोष्टीत. शीटमध्ये कुठल्याही खान्यावर राइट क्लिक करून एडिट हिस्टरी उघडली की तिथे कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं. आमच्या साहेबांना हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. तुम्ही तेव्हाच सांगितलंत: "बिघडलेलं परत आणायला वापरा. पोलीस चौकी उघडलीत तर पुढच्या महिन्यापासून शीटमध्ये सगळं हिरवंच दिसेल." साहेबांना ते आवडलं नाही, पण पटलं.

आणि मग लाल ओळी. फ्री डेज संपायला दोन दिवस उरले की ओळ आपोआप लाल होते, हे कंडिशनल फॉरमॅटिंग कोणीही शिकवेल. तुम्ही एक चौकट जास्तीची दिलीत: अडचण. तिच्यावर टिक केली की तारीख कितीही लांब असली तरी ओळ लाल. म्हणजे पोरानं स्वतः हात वर करून सांगायचं की इथे काहीतरी फसतंय. टोयोटाच्या कारखान्यातली दोरी तुम्ही मला तेव्हा समजावलीत. लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही बिनसलेलं दिसलं की तो दोरी ओढतो, दिवा लागतो, सुपरवायझर तिथे धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला तर लाइन चालूच राहते, नाही सुटला तर थांबते. दोरी बसवणं सोपं आहे, तुम्ही म्हणालात. ओढल्यावर सुपरवायझरच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं, त्यावर पुढची वीस वर्षं ती दोरी ओढली जाईल की नाही ते ठरतं.

म्हणून आमच्याकडे नियम झाला. लाल ओळ दिसली की पहिलं वाक्य: "बरं केलंस सांगितलंस. काय लागेल?" पहिल्या दिवशी मी हे म्हटल्यावर पोरं एकमेकांकडे बघून हसली. मलाच ते नाटकी वाटलं. तरी म्हणत राहिले.

त्याचं फळ द्रोणागिरीच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदरातून आलेले कंटेनर ठेवायच्या आवारात, मिळालं. आमच्या फील्डवरच्या मुलाला कंटेनरवरचा सील नंबर आणि कागदावरचा सील नंबर जुळेना. पूर्वीचा रिवाज असा की फील्डवाल्यानं आधी ओळखीपाळखी काढायच्या, इकडून तिकडे फिरायचं, आणि संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या वेळेला फोन करायचा. त्यानं सकाळीच टिक मारली आणि रिमार्कमध्ये लिहिलं: सील वेगळा, फोटो टाकलाय, लाइनचं पत्र लागेल. चहा यायच्या आत शिपिंग लाइनला मेल गेला होता. एक अख्खा दिवस हातात मिळाला, आणि आमच्या धंद्यात दिवस म्हणजे सरळसरळ रुपये.

तो रिमार्क मराठीत होता, हेही तुमचंच. फील्डवरची पोरं शीट भरत नाहीत अशी तक्रार मी सांगितली तेव्हा तुम्ही विचारलंत, इंग्रजीत भरायला लावता ना? मग मोबाईलवरच्या जीबोर्ड कीबोर्डचा माइक दाखवलात. मराठी भाषा निवडायची, माइक दाबायचा, बोलायचं. केंद्रातल्या आजोबांना तुम्ही हेच शिकवत होतात म्हणे, नातवंडांना मेसेज करायला. आमची पोरं आता उरण लोकलमध्ये बसून रिमार्क बोलतात; २०२४ च्या जानेवारीत ती गाडी उरणपर्यंत धावायला लागली तेव्हापासून बाइकपेक्षा त्यांना तीच बरी वाटते. माइक कधीकधी भलतंच ऐकतो, पण कळतं काय म्हणायचंय ते.

सकाळची दहा मिनिटांची उभ्या उभ्या मीटिंग आणि ती शेवटाकडून सुरू करण्याची तुमची पद्धत, याबद्दलही बोलायला हवं. आम्ही आधी नवीन आलेल्या जॉबपासून सुरुवात करायचो आणि सुटायच्या बेतात असलेल्या कंटेनरपर्यंत पोचेपर्यंत वेळ संपायचा. तुम्ही उलटं केलंत. जो दारात उभा आहे त्याला आधी बाहेर काढा, मग आतल्यांकडे बघा.

गणपतीच्या आधीचा तो शनिवार मात्र मी विसरणार नाही. निम्मी टीम कोकणात जाणार, जहाजं काही सुट्टी घेत नाहीत. मी हँडओव्हरची यादी करत होते. तुम्ही ऑफिसात आलात, सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्यात आणि म्हणालात, "समजा गणपती होऊन गेलेत. आपण परत आलोय आणि सगळा बट्ट्याबोळ झालेला आहे. कशानं झाला ते लिहा. नाव लिहू नका." गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही प्री-मॉर्टेमची युक्ती २००७ मध्ये लिहून प्रसिद्ध केली, हे तुम्ही नंतर सांगितलंत. काय अडचण येईल असं विचारलं तर माणसं "काही नाही, होऊन जाईल" म्हणतात. अडचण येऊन गेलीय असं म्हटलं की मात्र त्यांना सगळं आठवतं. एका चिठ्ठीवर होतं: डिजिटल सही फक्त साहेबांची, आणि साहेब गावाला, रेंज नाही. दुसरीवर: ड्यूटीचं बघणारे दोघंही एकाच तुतारी एक्सप्रेसने चाललेत. पहिल्या चिठ्ठीवरचं हस्ताक्षर मी ओळखलं. टीममधला सर्वांत गप्प मुलगा. ऑफिसातल्या दुसऱ्या अधिकृत माणसाची स्वतंत्र डिजिटल सही त्या आठवड्यात काढून घेतली, आणि ड्यूटीवाल्यांपैकी एकानं तिकीट बदललं. कुरकुर करत, पण बदललं.

सगळंच तुमचं ऐकलं असं नाही. व्हॉट्सॲप बंद करा हे तुमचं म्हणणं मी मानलेलं नाही, मानणारही नाही. सीलचा फोटो त्यावर जितक्या पटकन येतो तितका दुसरीकडे येत नाही. भिंतीवरचा पांढरा बोर्डही आम्ही लावला नाही, जागाच नाही हो. एआयच्या बाबतीत मात्र तुमचाच शब्द चालतो: चिडलेल्या पार्टीला शांत मेल लिहून घ्यायला वापरा, पार्टीचं इन्व्हॉइस त्यात टाकू नका, आणि एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा नंबर, विचारलात तर उत्तर कस्टम्स टॅरिफमध्ये स्वतः पडताळा. एआय चुकीचा कोडही छातीठोकपणे सांगतो. नोटीस मात्र आपल्या नावावर येते.

तुम्ही आमच्याकडून एक पैसा घेतला नाहीत. दिवाळीला पाठवलेला बॉक्सही केंद्रात वाटून टाकलात, हे कळलंय मला.

या शनिवारी येते आहे. निरनिराळ्या शिपिंग लाइन्सची डिटेन्शनची बिलं निरनिराळ्या साच्यांत येतात, कोणी पहिला दिवस धरतं, कोणी धरत नाही, आणि आमची नवी मुलगी ती सगळी हातानं एक्सेलमध्ये उतरवते. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीनं, म्हणजे वेगवेगळ्या साच्यांतला डेटा आपोआप एकत्र आणायच्या सोयीनं, होईल असं तिचं म्हणणं आहे. ती स्वतः बिलं घेऊन येईल, मी नुसती बसणार आहे. साडेचारला चालेल ना? कॅरमचा डाव त्याच्या आत आटपून घ्या.

आपली नम्र,
वाशीची कस्टम्सवाली