ती गोळी थांबवा, चालणं वाढवा

ती. आई-बाबांना सा. न.

काल फोनवर आई सहज बोलून गेली, की दांडिया बाजारच्या काकांनी सांगितल्यापासून बाबा रोज रात्री तिच्या पाकिटातली मेटफॉर्मिनची, म्हणजे मधुमेहाची, एक गोळी घेतात. ‘याने कॅन्सर परत येत नाही’ म्हणे. फोनवर तुमचा आवाज चढला असता, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, काकांनी हे मनाचं काढलेलं नाही. ही आशा डॉक्टरांनाही होती. म्हणून तर मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या ३,६४९ रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना ही गोळी, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच. २०२२ साली निकाल आला: आजार परतण्यात फरक पडला नाही. तुम्हाला शुगर नाही, आतड्याचं ऑपरेशन झालंय, आणि या गोळीने जुलाब होतात. कृपा करून आजपासून थांबवा.

आता कोणी अ‍ॅस्पिरिन सुचवेल. आतड्याच्या कॅन्सरमध्ये तिचा उपयोग दिसलाय, पण ज्यांच्या गाठीत एका ठरावीक प्रकारचा जनुकीय बदल सापडतो त्यांच्यातच. उलट सत्तरीच्या पुढच्या निरोगी लोकांना रोज १०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर रक्तस्राव वाढला आणि कॅन्सरने जाणारेही कमी झाले नाहीत. तुम्ही बहात्तरचे. तेव्हा तुमच्या गाठीची ती तपासणी झालीय का, एवढं डॉक्टरांना विचारायचं. ठरवायचं त्यांनी.

मला खरं सांगायचंय ते चालण्याबद्दल. तुमच्याच आजारावर, ऑपरेशन आणि केमो संपलेल्या ८८९ जणांवर मोठी चाचणी झाली. २०२५ मध्ये निकाल आला. एका गटाला चांगल्या सवयींची पुस्तिका दिली. दुसऱ्याला पुस्तिकेबरोबर व्यायाम शिकवणारा माणूस दिला, तीन वर्षं. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात १०० पैकी ९० हयात होते, पुस्तिकेच्या गटात ८३. बाबा, एखाद्या नव्या औषधाने एवढं केलं असतं तर आपण कर्ज काढून आणलं असतं!

आणि व्यायाम कसला, तर बहुतेकांचा भरभर चालण्याचा. आठवड्यातून तीन-चारदा पाऊण तास. थोडा दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. कमाटीबागेत तुम्ही जाताच, पण फुलांच्या घड्याळापाशी मंडळी भेटली की बाकावर बसता. गप्पा हव्यातच, फक्त चालून झाल्यावर. सुरुवात पंधरा मिनिटांनी करा. चाचणीतल्या व्यायामाच्या गटाला सांधे-स्नायूंचे त्रास जास्त झाले होते, आणि तुमचा उजवा गुडघा मला माहीत आहे. चपला नकोत, बूट घाला.

जेवणानंतरची सुपारीही सोडा. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीने तोंडाचा कॅन्सर होतो. बडीशेप घ्या.

आई, भाजीत हळद घालतेस तेवढी पुरे. त्या हळदीच्या कॅप्सूल बाबांना देऊ नकोस, काहींच्या यकृताला त्या बाधल्या आहेत. आणि तुझ्या गोळ्या कमी पडत असतील, आजच नवं पाकीट मागव. तुझा एकही डोस चुकता कामा नये.

पुढच्या तपासणीला मी येतेय. तोवर बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो पाठव, मागच्या पानाचाही.

तुमची,
मुग्धा