बावन्नला, पंचवीसबद्दल

प्रिय बावन्न,

या नावानं हाक मारायची की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव. दीड वर्षात फोन केला नाही, काकूंच्या ऑपरेशनलाही नाही. कारण एकही धड नाही, म्हणून सांगत बसत नाही. माझी तब्येत ठीक. पाठ दुखते, ती दुखतच असते.

तर मी मास्तर झालो. हस. अक्कलकोट तालुक्यात, झेडपीची दोनशिक्षकी शाळा, दुसरी-तिसरी एकाच खोलीत. तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन १६,००० रुपये. हजर व्हायच्या आदल्या रात्री शंभर पानी वही काढली आणि वर मथळा घातला, ‘माझ्या वर्गातलं गणित’. (तू शेजारी असतास तर तिथंच माझी धिंड काढली असतीस.) पाढे ओरडून घेणार नाही, पोरं चिंचोके मांडून स्वतः तयार करतील. हातचा म्हणजे काय, ते काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवीन. चुकीवर लाल पेन नाही, आधी विचारायचं, ‘हे कसं काढलंस?’ अशी सतरा पानं.

मागच्या मंगळवारी अंक घालत होतो. म्हणालो, “पंचवीस.” दुसरीतल्या एका पोरीनं पाटीवर पाच काढला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं दोन काढला. “सत्तेचाळीस.” तिनं ७४ लिहिलं. मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, “अगं, तुझी गाडी उलटीच धावते की!” पोरं खिदळली. लाल पेन मात्र वापरला नाही हं, नियम म्हणजे नियम.

खिचडीच्या मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “सर, त्यांच्या घरात कन्नडच आहे.” आणि तिला म्हणाल्या, “इप्पत्तैदु बरी.” पोरीनं मनगटानं पाटी पुसली आणि २५ लिहिलं. नलवत्तेळु म्हटल्यावर ४७. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच; जसं बोलायचं तसं लिहायचं. उलटी गाडी आपली होती.

मला तिथं तू दिसलास. तिसरीत कर्नाटकातल्या इंडीहून आलेला, कपाळावर तेल ओघळतंय, आणि फळ्यावर तुझं ते बावन्न. नाव मीच पाडलं होतं. वहिनींना तर तू अजून पत्त्यांवरून पडलं म्हणून सांगतोस.

आणि मग ते २०१९चं भांडण. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पंचवीस’ला ‘वीस पाच’ म्हणायचं आलं तेव्हा ग्रुपवर सगळ्यात जास्त विनोद कुणी टाकले? मीच. तू समजावत होतास की गणितज्ञ मंगला नारळीकर बाईंची समिती आहे, येरागबाळ्याचं काम नाही. नॉर्वेनं १९५१ साली हाच बदल केला. मी म्हणालो, नॉर्वेत थंडी असते, तिथं तोंड कमी उघडावं लागतं. तू ग्रुप सोडलास. मला वाटलं, साहेबांना विनोद कळत नाही. बाई २०२३ मध्ये गेल्या. परवा शाळेच्या कपाटात ते पुस्तक सापडलं, आणि त्यात जुनी नावंही आहेत रे, दोन्ही शेजारी-शेजारी. मी ते उघडूनच बघितलं नव्हतं.

तरी शंभर टक्के शरण आलेलो नाही. एसटीचा कंडक्टर ‘वीस पाच द्या’ म्हणणार नाही, आणि पोरीला अक्कलकोटच्या बाजारात जायचंच आहे. सध्या असं चाललंय: दोन गठ्ठे, पाच सुट्ट्या काड्या. आधी ‘दोन दशक पाच’, मग ‘वीस आणि पाच’, शेवटी ‘पंचवीस’. हेडसर म्हणतात, सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या पोराला ९९९पर्यंत यायला हवं, तुम्ही काड्यांत पावसाळा घालवणार. बरोबर आहे त्यांचं. त्यात काल एक कार्टं विचारतं, एकोणनव्वद आहे तर एकोणशंभर का नाही? मी म्हटलं, आधी दूध पी.

पोरगी रोज येते. अंक घालायचे म्हटलं की पाटी मांडीवर पालथी घालते. मी तिच्याकडं बघत नसलो की सरळ करते.

तुझी बदली कोल्हापूरला झाली म्हणे? बरं झालं. छोटीला पहिलीत घातलं असेल. काकूंना नमस्कार, मी चार शिव्या खायला दिवाळीत येतोय.

पण त्याआधी एक सांग. चौथीत आल्यावर तू चुकायचा थांबलास, हे मला आठवतंय. कसा थांबलास, ते नाही. कुणी शिकवलं, का नुसता घोकून बसलास? गुरुवारी पुन्हा अंक आहेत.

तुझा,
पम्या